सहा केवलपुरी आणि एक किल्ली

"पण महाराज, सगळ्यांचं नाव एकच, तर कोण भला अन् कोण बुरा हे लोकांना कळायचं कसं?"

त्र्यंबकने सकाळपासून तिसऱ्यांदा हेच विचारलं.

दुधना नदीकाठच्या त्या मठात गादीवर बसणारा प्रत्येक महंत केवलपुरी हेच नाव घेई. सहा होऊन गेले होते, सातवे समोर बसले होते. मागे राहायचा तो नुसता समाधीचा दगड, त्यावर ना नाव ना आकडा. उद्या आठवा म्हणून त्र्यंबक बसायचा होता. पण काशीला पोथ्या घोकून आलेला माणूस तो, दुसऱ्यांच्या रांगेत मुकाट्याने उभा राहील तर शपथ.

महाराज ओसरीवर ज्वारी निवडत होते. श्रावण सरत आला तरी नदीत पाऊलभर पाणी नव्हतं.

"जुन्या कागदांत सापडलं मला," त्र्यंबक म्हणाला. "आपली विहीर एका केवलपुरींनी खणली, स्वतः कुदळ घेऊन. आणि दुष्काळात कोठाराला कुलूप घालून पळाला, पाऊस पडल्यावर परतला, तोही केवलपुरीच. दारात माणसं मेली, महाराज!"

"मेली."

"म्हणजे… तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला माझ्या गुरूंनी सांगितलं. गादीवर बसायच्या आदल्या दिवशी."

त्र्यंबकच्या अंगाची लाही लाही झाली. सात वर्षं रोज पहाटे सहाही समाध्या तो आपल्या हाताने धूत आला होता. म्हणजे त्या पळपुट्याचीही!

"त्याचं नाव मी लावणार नाही. आधी दगडांवर आकडे घाला. नाहीतर गादी दुसऱ्या कुणाला द्या."

महाराजांनी सूप खाली ठेवलं. आत गेले, छिन्नी आणि हातोडा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"घाल."

त्र्यंबक तरातरा अंगणात गेला.

सहा काळे दगड. एकच उंची, एकच घडण, तेलापाण्याने सारखेच गुळगुळीत झालेले. त्याने एकावर छिन्नी टेकवली. उचलली. दुसऱ्यावर टेकवली. चुकून विहीर खणणाऱ्याच्याच माथी ते पाप मारलं तर?…

बऱ्याच वेळाने तो ओसरीवर परतला. छिन्नीला धूळसुद्धा लागली नव्हती.

"ओळखू येत नाहीत, महाराज." हे म्हणताना त्याला लाज वाटली.

"हं."

"मग एवढं तरी करा. उद्या मला नाव द्याल, तेव्हा मनात विहीर खणणाऱ्याला आणा. मी त्यांचा. त्या दुसऱ्याचा नाही."

महाराजांनी कमरेची किल्ली सोडली. कोठाराची. नावाबरोबर तीही द्यायची, अशी मठाची रीत होती. एक दिवस आधीच त्यांनी ती त्र्यंबकच्या तळहातावर ठेवली.

"ही दोघांच्याही कमरेला होती."

किल्ली चांगलीच जड होती. त्र्यंबकने ती उलटीपालटी करून पाहिली.

"महाराज… मग मी त्यांतला कोणता?"

महाराजांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक खडा वेचून बाहेर टाकला.

"यंदा पाऊस कसा आहे रे?"