घंटेची वाटी

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका गावात घंटा वाजवणारा एक म्हातारा होता. ओहोटी लागली की गावातल्या बाया लांबच्या वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला जात. म्हातारा हंड्यातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडी. तिच्या बुडाला बारीक भोक होतं, त्यातून पाणी शिरून ती हळूहळू बुडे. वाटी सात वेळा बुडाली की तो घंटा देई. भरती यायच्या आत बायांनी परतावं, म्हणून.

वापरून वापरून वाटीचं भोक मोठं झालं होतं, त्यामुळे घंटा जरा लवकरच होई. बायांना ते अंगवळणी पडलं होतं. घंटेनंतर आणखी एक टोपली भरायची आणि मग निघायचं.

म्हातारा थकला, तेव्हा हे काम एका तरुण तांबटाकडे आलं. हाताचा कसबी, मनाचा सरळ. वाटीची चूक त्याच्या लगेच लक्षात आली.

“आजोबा, भोक सांधून बारीक करतो,” तो म्हणाला.

“भोक बुजून घंटा उशिरा होत असती तर मीच म्हटलं असतं, आत्ताच्या आत्ता नीट कर,” म्हातारा म्हणाला. “पण एवढ्याशा चुकीवर सगळ्यांची पावलं बसलीत. तू नवी वाटी घडव. पावसाळ्यात बाया घरी असतात, तेव्हा पारखून बघ. दवंडी दे. मग नव्या हंगामाला ती वापर.”

“तोवर चुकीची घंटा द्यायची?”

“द्यायची.”

तांबटाला ते पटेना. दुसऱ्याच दिवशी त्याने भोक सांधलं. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी घंटा अगदी वेळेवर झाली. बाया नेहमीसारख्या आणखी एका टोपलीसाठी वाकल्या. बघता बघता पाणी घोट्यावर आलं, मग कमरेला लागलं. टोपल्या टाकून सगळ्या धावल्या. तिघी परतल्या नाहीत. त्यांत तांबटाची धाकटी बहीण चांगुणा होती.

“घंटा बरोबर होती,” तो काठावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता. “पळभराचीही चूक नव्हती.”

त्याची आई ओल्या लुगड्यानिशी समोर उभी होती. “बरोबर होती रे,” ती म्हणाली. “पण आम्हाला कुठं ठाऊक होतं?”

महिनाभराने पोटासाठी बाया पुन्हा वाळूवर गेल्या. घंटा आता अचूक होई, पण तिच्याकडे कुणी कान देईना. पाणी लांब असतानाच, मिळेल तेवढं घेऊन त्या मागे फिरत.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर लोक चालतात, त्यातली जीवघेणी चूक लगेच सुधारावी, लहानसहान चूक मात्र नव्या घडणीत, पारखून आणि सर्वांना सांगूनच सुधारावी.