भिवराची जागी घोंगडी

आज जे म्हातारे आहेत, त्यांच्या आज्यांनीसुद्धा ही हकिगत ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. इतकी ती जुनी. तेव्हा हिवरकोंडच्या माळावर दगडांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. गाव सणगरांचं. बायका लोकर कातायच्या, पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगड्या विणायचे. घोंगडी काळी, काठाला पांढरे पट्टे. पान नाही, पाखरू नाही; डोळा तर नाहीच नाही. घोंगडी माणसाबरोबर झोपली पाहिजे आणि डोळे असलेली वस्तू झोपत नाही, असं म्हणतात.

त्या गावात भिवरा नावाची सणगरीण राहायची. नवरा वारलेला. थोरला मुलगा सिदू, धाकटी गोजा.

एका हिवाळ्यात माळावर लांडगा उतरला. आधी त्याने कोकरं नेली. मग तो घरांत येऊ लागला. पहाटेच्या साखरझोपेत यायचा. कुत्री भुंकायची नाहीत, दार वाजायचं नाही. आई जागी व्हायची, तर शेजारची घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली, अजून ऊब असलेली, आणि आत मूल नाही. त्याला माणसाचा वास लागत नसे, झोपेचा लागे, असं म्हणतात.

सिदू असाच गेला. भिवरा शेजारीच होती. तिचा हात त्याच्या घोंगडीवर होता.

ती किती रडली, ते कुणी सांगत नाही. एवढंच सांगतात, की तेरावा झाल्यावर ती नवऱ्याच्या बंद मागाच्या खड्ड्यात उतरली. दीर धावत आला.

"वहिनी, वर या. तुम्ही माग चालवणार, मग आम्ही काय लोकर कातत बसायचं?"

"बसा की भाऊजी. धागा तरी सरळ येतोय का बघू."

तो हसला नाही. काळ्या ताण्यात तिने बोटांनी भरलेली पांढरी लोकर त्याला दिसली होती.

"हे काय विणताय?"

"डोळा."

"कुणाचा?"

"सिदूचा. मी झोपले तरी तो गोजावर लक्ष ठेवील."

"उकला ते! आत्ताच्या आत्ता उकला!"

भिवराने पुढचा धोटा टाकला.

पहिला डोळा पुरा झाला, तेव्हा गावातली कुत्री अंगणं सोडून ओढ्यापलीकडे जाऊन बसली. दुसरा पुरा झाला, तशा बायका त्या दारावरून जाताना पोरांच्या तोंडावर पदर टाकू लागल्या. भिवराने घोंगडीला चिंचोक्यांची खळ दिली आणि ती उन्हात पसरली. सगळी घोंगडी वाळली, डोळे तेवढे ओले राहिले, असं म्हणतात.

दुसऱ्याच पहाटे लांडगा आला. उंबऱ्याबाहेरच्या धुळीत त्याच्या बसण्याचा ठसा होता. आत मात्र तो आला नाही. रोज यायचा, बसायचा, जायचा.

गाव म्हणालं, पोर वाचली. पण गोजाला झोप येईना. घोंगडी अंगावर असली की तिचे डोळे टक्क उघडे. काढून खुंटीवर टाकली, तर घोंगडी तिथून बघत राहायची. पोर वाळत चालली. पाजलेलं दूध ओठांवरून ओघळायचं.

"आई," ती म्हणायची, "दादा बघतोय. त्याला झोप म्हण ना."

भिवरा कात्री घेऊन घोंगडीजवळ गेली. पण ते डोळे सिदूचे होते. तिचा हात चालला नाही. घोंगडी फाडावी तर लांडगा आत येणार, ठेवावी तर पोर डोळ्यांदेखत जाणार.

एका संध्याकाळी तिने गोजाला जावेच्या मांडीवर दिलं.

"हिला आज झोप लागेल. लागली की कुणी उठवू नका."

"आणि तुम्ही, वहिनी?" दिराने विचारलं.

"माझी झोप गेलीच आहे, भाऊजी. मी सिदूपाशी बसते."

घोंगडी अंगावर घेऊन ती माळाच्या टोकाला, लांडगा उतरायचा त्या वाटेवरच्या टेकडीवर गेली. गोजा झोपली. ऊन अंगणभर पसरलं तरी झोपलेलीच होती. त्या पहाटे लांडगा आला नाही, पुढेही कधी आला नाही.

माणसं टेकडीवर गेली, तेव्हा घोंगडी बसलेली होती. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसतो, तशी. आत कोण आहे हे पाहायला कुणी हात लावला नाही. ऊन खाऊन, पाऊस खाऊन तिचा दगड झाला, असं म्हणतात. दगड अजून आहे. त्यावर दोन पांढऱ्या खुणा आहेत.

आता हिवरकोंडात माग थोडे उरलेत. तरी दर पौष अमावास्येला गाव त्या दगडावर एक नवी घोंगडी घालतं. तिच्यावर डोळे विणतात, पण मिटलेले. भिवराला एकदा तरी झोप लागावी म्हणून. हल्ली शहरात चित्रकला शिकलेल्या मुलीही येतात, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात आणि आपापल्या तऱ्हेने विणतात. कुणी पापण्या तांबड्या करतं, कुणी नुसती एक वाकडी रेघ ठेवतं. गेल्या साली एकीने आपल्या आईच्या लुगड्याच्या चिंध्या लोकरीत विणल्या.

"हे काय गं बाई, गोधडी का घोंगडी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मलाही नाही कळलं, आजोबा. पण मऊ झालीय."

"मग घाल की दगडावर. मऊला कुठं नाही म्हणतोय?"

संध्याकाळी दगडावर घोंगडी घालून सगळे खाली येतात. मागे वळून कुणी बघत नाही. सकाळी ते मिटलेले डोळे उघडलेले असतात, असं म्हणतात. घोंगडी तिथेच राहू देतात, आणि घरी येऊन पुढच्या सालासाठी लोकर निवडायला बसतात.