पाठीला माती न लागलेल्याचा अर्ज

विषय : राज्य निवड चाचणीच्या अर्जावर वस्तादांची सही मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने जिंकलेल्या एकतीस कुस्त्यांची यादी, सोबत जोडली आहे.

"आणि हरलेल्या कुठं लिवल्यात?"

बापू मगदूम वस्तादांनी यादी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"एकही नाही, वस्ताद," रणधीर खराडे म्हणाला. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणूनच बहुधा त्यानं यादी केली होती.

साडेचार वाजले होते. पाचला तालमीसमोरच्या क्रीडा कचेरीची खिडकी बंद होणार होती आणि तारीख आजचीच शेवटची. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही. बाकी सगळं जोडून झालं होतं. अडलं होतं एका सहीवर.

वस्तादांनी त्याला पाठमोरं उभं केलं. इस्त्रीचा सदरा वर सारून पाठीवरून हात फिरवला आणि तळहात उजेडात धरून पाहिला.

"स्वच्छ हाय."

"माती लागूच दिली नाही कधी."

"दिसतंय..."

त्यांनी यल्लाप्पाला हाक मारली. हा एस. टी. डेपोतला मेकॅनिक, वय चाळिशीचं, पोट जरा सुटलेलं, नावावर एक पदक नाही. पण सरावात रणधीरला पाडायचा तो हा एकटाच. गेली दोन वर्षं यल्लाप्पाशी कुस्ती धरायची पाळी आली, की रणधीरचा खांदा दुखे, नाहीतर अंगात ताप भरे. डॉक्टरचा दाखला मात्र त्यानं एकदाही जोडला नव्हता.

"ह्याच्याशी धर," वस्ताद म्हणाले. "एकच कुस्ती. मग सही."

"आणि पडलो तर?"

"तरी सही."

रणधीरनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर मिळालं.

"फकस्त पडलास तर यादीत बत्तिसावी लिवायची. माझ्या म्होरं. तुझ्या अक्षरात."

यल्लाप्पा मातीच्या हौद्यात उतरला. वाकून त्यानं मूठभर माती उचलली आणि हात पुढे केला. समोरच्यानं ती घेतली की कुस्ती ठरली, असा या तालमीचा रिवाज.

बैठका मारणारे थांबले.

रणधीरनं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. मग त्याची नजर पायरीवर पडलेल्या यादीकडे गेली. एकतीस ओळी, सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही...

"घे की, पैलवान," यल्लाप्पा म्हणाला. "हात भरून आला माझा."

रणधीरनं दुसरं बटण लावलं. चाचणी झाल्यावर नक्की धरतो, म्हणाला; हवं तर लिहून देतो. आत्ता खांदा दुखावला तर नाव तालमीचंच जाईल, हेही त्यानं समजावून सांगितलं. वस्ताद उघडं पेन हातात धरून ऐकत होते. अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

पाचला दहा कमी.

रणधीरला मानेवर घाम जाणवला. एकतीस कुस्त्यांत असा घाम कधी आला नव्हता. हौद्याची कड त्याच्या चपलांपासून वीतभर होती. त्यानं एक चप्पल काढली.

दुसरी काढली नाही.

पाचला चार...

पाचला एक...

सरकारी कचेरीला कशाचीही घाई नसते, पण बंद होण्यात ती कधी उशीर करत नाही. समोरची खिडकी धाडकन लागली. शिपायानं कडी घातली, कुलूप ओढून पाहिलं आणि सायकलवर बसून तो निघून गेला.

रणधीर एका पायात चप्पल घालून तसाच उभा होता.

अर्जावर सही झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.

यल्लाप्पाचा हात अजून पुढेच होता. वस्तादांनी पेनाला टोपण लावलं.

"आता घे," ते म्हणाले.