टिकलीची गोधडी आणि चौथा कार्बूदादा

टिकली होती एवढीशी उंदरी. दाण्याएवढं नाक, दोऱ्याएवढी शेपटी. बकुळाआत्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक रिकामा डबा होता. त्यात टिकली राहायची. टिकली आणि तिचं बाळ.

शेडमध्ये आत्या गाडी बनवत होती. स्वतःच्या हातांनी! इंजिन जुन्या मोटारीचं. त्याला बसवायचे होते मोटारसायकलींचे चार कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर काय करतो? पेट्रोलमध्ये हवा कालवतो आणि इंजिनाला भरवतो. इंजिनाला तोंडं चार, म्हणून भरवणारे कार्बूदादाही चार.

एके सकाळी टिकली दाणे घेऊन घरी आली. बघते तर काय, बाळाची लाल गोधडी नाही! बाळ कुडकुडतंय. कुड कुड कुड!

गोधडी कुठे? चौथ्या कार्बूदादाच्या तोंडात! आत धूळ जाऊ नये, म्हणून आत्याने चिंध्या कोंबल्या होत्या. चिंध्या होत्या तीनच. चौथी सापडली डब्यात. आत्याला ती चिंधीच वाटली!

"कार्बूदादा, कार्बूदादा, माझी गोधडी दे!"
"नाही गं बाई! तोंडात धूळ जाईल. आधी इंजिन जागा देऊ दे, मग मी गोधडी देईन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, दादाला जागा द्या!
दादा गोधडी देईना,
बाळाची थंडी जाईना!"
"हॅट्! हे मोटारसायकलचे पोरटे! यांची तोंडं लहान, माझी मोठी. आमच्या वेळी असलं काही नव्हतं! आधी आम्हाला जोडणारी रबरी नळी मधे वाकू दे, मग मी जागा देईन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"नळीमावशी, नळीमावशी, जरा वाक ना!
इंजिन जागा देईना,
दादा गोधडी देईना,
बाळाची थंडी जाईना!"
"मी पडले कडक! गरम पाण्यात बुडल्याशिवाय माझी कंबर वाकते कुठे? आधी पाणी तापू दे, मग मी वाकेन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पाणीदादा, पाणीदादा, जरा ताप ना!
नळी वाकेना,
इंजिन जागा देईना,
दादा गोधडी देईना,
बाळाची थंडी जाईना!"
"मी आहे गारेगार! आधी शेगडी पेटू दे, मग मी तापेन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"शेगडीताई, शेगडीताई, जरा पेट ना!
पाणी तापेना,
नळी वाकेना,
इंजिन जागा देईना,
दादा गोधडी देईना,
बाळाची थंडी जाईना!"
"आपली आपण पेटू होय? आधी आत्याचा हात लागू दे, मग मी पेटेन."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गाडीखालून दोन पाय दिसत होते. आत्याचे!
"आत्या, आत्या, शेगडी पेटव!
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
नळी वाकेना,
इंजिन जागा देईना,
दादा गोधडी देईना,
बाळाची थंडी जाईना!"
"छे छे! गाडी सुरू होईपर्यंत चहा नाही, म्हणजे नाही! आधी गाडी, मग शेगडी."

टिकलीने पाय आपटला. टप्!
"आधी हे, मग ते! आधी हे, मग ते! तुम्ही मोठे नुसते एकमेकांची वाट बघता! अगं आत्या, तू थांबलीस गाडीसाठी, आणि गाडी थांबलीय तुझ्यासाठी!"

आत्या सरपटत बाहेर आली. नाकाला ग्रीस!
"अगं बाई! खरंच की!"

आत्याने काडी ओढली. भक्क! शेगडी पेटली.
पाणी तापलं. खळखळ!
नळी वाकली. लवलव!
इंजिनाने जागा दिली. चार कार्बूदादा बसले. खट्, खट्, खट्, खट्!
आत्याने चिंध्या काढल्या. एक, दोन, तीन. तिच्या तीनच होत्या ना!

मग तिने किल्ली फिरवली.
धड, धड, धड, फुस्स!
धड, धड, धड, फुस्स!
"मी म्हणालोच होतो!" इंजिनआजोबा कुरकुरले. "मोटारसायकलचे पोरटे!"
"असं कसं?" आत्याने डोकं खाजवलं. नाकाचं ग्रीस केसांना लागलं.

टिकलीला मात्र कळलं. ती चढली चाकावर. चाकावरून इंजिनावर. चौथ्या कार्बूदादापाशी गेली. लाल टोक दातांत धरलं. आणि ओढलं, ओढलं, ओढलं...
पॉक!
गोधडी बाहेर!

आत्याने पुन्हा किल्ली फिरवली.
धड, धड, धड, धड!
"मी म्हणालोच होतो!" आजोबा ओरडले. "गुणी पोरं आहेत!"

आत्याने चहा केला. टिकलीला बिस्किटाचा कोपरा दिला, आणि म्हणाली, "चुकलं गं माझं. पुढच्या वेळी चौथी चिंधी मी घरून आणीन."

टिकली घरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाळाच्या अंगावर गोधडी घातली. जरासा पेट्रोलचा वास येणारी, पण ऊबदार.

बाळाची थंडी गेली,
गाडी रस्त्यावर आली,
आणि आपली गोष्ट तिच्यात बसून फिरायला गेली. पीं पीं!