मागची सीट

"आता तरी अनुग्रह मिळेल का?"

निवासनं हे विचारलं तेव्हा धोंडबुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. दाणे परातीत पडत राहिले.

"आता म्हणजे?"

"शेवटचा मोहही विकतोय, बुवा. पैसे मठाला देणार."

शेवटचा मोह अंगणात लिंबाखाली उभा होता. निवासच्या वडिलांची, श्रीपतरावांची, जुनी जपानी यामाहा. काळ्या टाकीवर एक ओरखडा नव्हता आणि चाकावरच्या पत्र्यात तोंड दिसत होतं. श्रीपतराव दिवाळीत वारले. चुलतभावानं गाडी घरातून काढून दिली, कारण निवास त्या घरात जात नव्हता.

तसा त्याचा नेम होता. अनुग्रह मिळेपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं म्हणून त्यानं ओंजळीतलं पाणी सोडलं होतं. बुवांनी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच ठरवलं. दर पौर्णिमेला पुण्याहून निघायचा आणि टेकडीखालच्या आपल्याच गावावरून सरळ मठात यायचा. बाप गेला तेव्हा स्मशानात आला, पण उंबऱ्याच्या बाहेरूनच परतला. गाव तोंडावर धन्य धन्य म्हणालं. पाठीमागं काय म्हणालं ते लिहिण्यासारखं नाही.

गिऱ्हाईक मिरजेहून आलं होतं, मुश्ताक बागवान म्हणून. जुन्या गाड्यांचं वेड असलेला माणूस. गुडघे टेकून त्यानं गाडी खालून वरून पाहिली, एका किकेत चालू झाली तेव्हा डोळे मिटून आवाज ऐकला, मग बंद करून किल्ली खिशात घातली. सौदा ठरल्यातच जमा होता. उठता उठता त्याचा हात मागच्या फूटरेस्टवर गेला.

"हे रबर तर कोरं आहे. मागची सीट पण दबलेली नाही. मागं कुणी बसलंच नाही काय, साहेब?"

"वडील कुणाला बसवायचेच नाहीत," निवास अभिमानानं म्हणाला. "फार जपायचे."

धोंडबुवांचा हात थांबला.

"बसवणार होते," ते म्हणाले.

"कुणाला?"

बुवांनी उलट विचारलं, "पौर्णिमेला गावच्या फाट्यावर ही गाडी तुला दिसायची ना?"

दिसायची. निवासनं ते लपवलं नाही, उलट रंगवून सांगितलं. दर खेपेला वडील गाडी पुसून, चकचकीत करून फाट्यावर उभे असायचे. लहानपणी ह्या गाडीसाठी आपण जीव टाकायचो हे त्यांना ठाऊक होतं. मोह दाखवायचे. आपण मान फिरवायचो आणि मोटार तशीच मठाच्या चढावर घालायचो. एकदाही काच खाली केली नाही.

"एकदाही नाही," तो पुन्हा म्हणाला. शाबासकीची वाट बघावी तसा थांबला.

"नेम कशाचा होता रे तुझा?"

"उंबऱ्याचा."

"फाट्याला उंबरा असतो?"

निवासनं गाडीकडे पाहिलं.

"तू गेलास की ते वर यायचे," बुवा म्हणाले. "ह्याच गाडीवरून. तू बसलेला असायचास तिथंच बसायचे."

"मला कधी... कशाला यायचे?"

"म्हणायचे, घरला नको येऊ दे, बुवा. पर येवढा चढ तरी माज्यामागं बसंल. म्हणून हुबा ऱ्हातोय."

मुश्ताकनं फूटरेस्टवरचा हात काढून घेतला.

निवासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या गोष्टीनं त्याची मान ताठ होती, तीच आता त्याला वर बघू देईना.

"मग माझा नेम सोडवा, असं मागायचे का तुमच्याकडे?"

"नाही. पोराचा नेम मोडू देऊ नका, एवढंच मागायचे."

"आणि तुम्ही? तुम्ही अनुग्रह दिला असता तर मी त्याच दिवशी घरी गेलो असतो, बुवा."

"मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"तू नेम मोडायची."

लिंबाची पिवळी पानं सीटवर पडत होती. ती कुणी झटकली नाहीत.

"ते तिकडं फाट्यावर थांबले, मी इथं थांबलो," धोंडबुवा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. गुरुपणाच्या तोऱ्यात बोललो नाही. ते गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मलाही खाली गावात तोंड दाखवावंसं वाटत नाही."

गुरू असं बोलतात हे निवासनं कधी ऐकलं नव्हतं. त्याला जास्तच लाज वाटली.

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले, गाडीपाशी गेले आणि मागच्या सीटवरची पानं हातानं बाजूला केली.

"बस."

निवास सवयीनं पुढं बसायला गेला.

"मागं."

तो मागं बसला. कोऱ्या रबरावर पाय ठेवले. हात धरायला म्हणून पुढं गेले आणि पुढं कुणीच नव्हतं. हात तसेच राहिले. मग तो रडला, मोठा माणूस रडतो तसा, तोंड न झाकता.

मुश्ताकनं खिशातली किल्ली काढून हळूच ओट्यावर ठेवली आणि पायऱ्यांकडे चालू लागला.

उन्हं कलली. बुवा परत शेंगा सोलायला बसले होते.

"बुवा," निवासनं खाली मानेनं विचारलं, "उतरू का?"

"चढ संपला का?"