हाळीचं खडप

समोर पाण्यात तो काळा खडक दिसतो, ते हाळीचं खडप. आमच्या वाघरण बंदरात, या धक्क्यावर, कुठलंही वाद्य वाजत नाही. लग्नाचं वऱ्हाड होडीतून उतरलं तरी वाजंत्री देवळापाशी पोचल्यावर सुरू होते. मघाशी तुम्हाला फोनवरचं गाणं बंद करायला लावलं, ते म्हाताऱ्याचा तिरसटपणा म्हणून नव्हे. म्हणजे तिरसट मी आहेच, पण कारण वेगळं आहे.

आरमार नवं होतं तेव्हाची गोष्ट. त्याचं पहिलं गलबत याच खाडीत बांधलं, असं सांगतात. गावातली तरणी माणसं त्यावर चढली, सगळा गाव निरोपाला आला. ढोलावर रवळू होता. त्याच्यासारखा ढोल पंचक्रोशीत कुणी वाजवत नसे म्हणे. त्याचा एकुलता मुलगा बाबल्या खडपावर उभा होता. खाडीच्या तोंडाशी वाळू सरकते, आज इथे तर उद्या तिथे. म्हणून वाट ठाऊक असलेला माणूस खडपावरून हाळी देई आणि सुकाणूवरचा तांडेल तिकडे कान ठेवून गलबत वळवी.

त्या दिवशी वाट बदलली होती. बाबल्या ओरडला, पण ढोलापुढे ते कुणाला ऐकू जाणार? मग त्याने दोन्ही हात वर करून हलवले. आमच्याकडे शिमग्यात नाचणाऱ्याने असे हात वर केले की ढोल चढवायचा. रवळूला वाटलं, पोरगा खुशीत आहे. त्याने ढोल चढवला.

गलबत सरळ वाळूकडे निघालं. बाबल्याने उडी घेतली, पोहत जाऊन गलबताच्या फळ्यांवर थापा मारल्या. तांडेलाने खाली पाहिलं आणि सुकाणू फिरवलं. गलबत वाचलं, पण वळताना खडपाला घासलं. मधे बाबल्या होता.

गलबत थांबलं नाही. आरमाराचा हुकूम होता, वाराही चांगला होता. काठावर कुणाला काही कळलं नव्हतं. एका होडीवाल्याने बाबल्याला धक्क्यावर आणून ठेवलं, तेव्हा ढोल थांबला.

रवळू रडला नाही. सगळं उरकून घरी गेला आणि पानात वाढलेला भात जेवला, असं सांगतात. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. माझा थोरला गेला त्या दिवशी मीही जेवलो.

दुसऱ्या दिवशी रवळू धक्क्यावर आला आणि खडपाकडे तोंड करून म्हणाला, "बोल रे झिला. आता आयकतंय मी." मग तिथेच उभा राहिला. जगला तोवर रोज यायचा. ढोलाला पुन्हा हात लावला नाही.

पुढे आरमार गेलं. आगबोटी आल्या, मग जकातवाल्यांच्या बोटी आल्या. तटरक्षक दलाची बोट पहिल्यांदा लागली तेव्हा शाळेचं लेझीम पथक नटूनथटून तयार होतं. त्यांना आम्ही देवळाशीच बसवून ठेवलं. बोटीवरच्या साहेबांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

आजही सरकारी बोट आली की गावातला सगळ्यात वयस्कर माणूस इथे उभा राहून रवळूचेच शब्द म्हणतो. सध्या तो मी आहे. ते शब्द म्हणून झाले की सगळे गप्प होतात. उत्तर येणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी बाबल्याला बोलायला पुरेसा वेळ दिल्याशिवाय इथून कुणी हलत नाही.