बोडकं चित्र

"साक्षात गुरूला बोडकं काढलंत, आणि वर म्हणता दिसलं तसं काढलं?"

केदारबुवाने तळहाताएवढा कागद येसाईपुढे टाकला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

येसाई बोरूचं टोक तासत होती. "तसंच दिसलं."

"निरंजनबुवांचं पागोटं कधी कुणासमोर उतरलं नाही. मठाची गादी म्हणजे ते पागोटं. उद्या ते माझ्या डोईवर चढायचंय, चार गावं जमायचीत... आणि आहे कुठं ते? पेटीत नाही, माडीवर नाही. तुमच्या चित्रातसुद्धा नाही."

"म्हणजे मी चोरलं."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हण की. मनात ठेवशील तर कुजेल."

त्याने कागद पुन्हा उचलला. बुवांच्या मागे मठात हीच वडीलधारी. पागोटं हिच्याच हातून चढायचं. पण हिचा काय भरवसा? दुसऱ्या कुणासाठी दडवलं असेल. चित्रही त्याचसाठी मागाहून रचलं असेल. त्याने शाईवरून बोट फिरवलं.

शाई जुनी होती.

"नीट बघितलंस?" येसाईने विचारलं.

"बोडकं डोकं बघितलं. पुरे झालं."

"मांडीशी बघ."

बुवांच्या मांडीशी शाईचं एक गाठोडं होतं. गाठोड्यातून दोन कान वर आले होते.

"तू पैठणला वाद घालायला गेलेलास. बुवांनी अंघोळीला पागोटं उतरवलं, तर मांजरी त्यात जाऊन व्याली. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत बुवा असेच बसले. आल्यागेल्यासमोर."

गादीच्या पागोट्यात मांजर... बाई रचून सांगतेय.

येसाई उठली. चुलीमागच्या टोपलीतून लाल पागोटं काढून तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"बुवांनी बांधलेलं आहे तसंच आहे. उद्या कशाला? आत्ताच चढवते."

इतकं सहज? आणि हे तेच कशावरून?

त्याने पागोटं उलटं केलं. काठाची जर नखाने खरवडली. आतून चाचपलं, नाकाशी धरलं. उंबऱ्याबाहेर नेऊन झटकलं... एकदा, दोनदा, तीनदा. विंचू नाही, काही नाही. पांढरे दोन केस तेवढे उडाले. बुवांच्या हातचे पीळ सुटून कापड खाली लोंबू लागलं.

मग तो आत आला. ते कापड दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरून त्याने मान वाकवली.

येसाईने कापड घेतलं, घडी केली आणि पुन्हा टोपलीत ठेवलं.

"मांजरीनं एवढं झटकून नव्हतं पाहिलं."